हरण्याची सबब

पत्त्यांत हरलेल्या माणसाला पानं वाईट आली असं म्हणता येतं. क्रिकेट हरलेल्याला नाणेफेक असते, पंच असतो, खेळपट्टी असते. कॅरममध्ये पावडर कमी पडलेली असते. बुद्धिबळात हरलेल्याला असं काहीच नसतं. सोंगट्या दोघांना सारख्या, पट दोघांसमोर उघडा. झाकलेलं पान नाही, फासा नाही. हरलो म्हणजे समोरच्यापेक्षा आपल्याला कमी सुचलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो भल्याभल्यांच्या घशाखाली उतरत नाही. माझ्या वडिलांचे एक स्नेही होते. डाव हातचा जायला लागला की ते पट उधळत नसत, तेवढे ते सभ्य होते. पण ‘चहा गार झाला वाटतं’ म्हणून आत जात आणि परत येईपर्यंत आपला उंट कुठल्या घरात होता याबद्दल त्यांचं मत बदललेलं असे.

अलीकडे मात्र बुद्धिबळालाही सबब मिळाली आहे, आणि तीही कुणाला खोडून काढता येणार नाही अशी: समोरचा इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा प्रोग्रॅम, लावून खेळत होता.

मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. हौशी माणूस खेळतो तसाच. रात्री जेवणं आटोपली की दहा-दहा मिनिटांचे डाव, रेटिंग तेराशेच्या आगेमागे. जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचं रेटिंग २०१४ साली २८८२ पर्यंत गेलं होतं. ती मोजपट्टी जागतिक संघटनेची, आमची संकेतस्थळाची, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवणं खरं तर बरोबर नाही. पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. तेराशे म्हणजे असा माणूस, ज्याला घोड्याचा दुहेरी मारा दिसतो, पण बहुधा बसून झाल्यावर.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्यासारखे पुष्कळ जण या खेळाकडे परतले. यूट्यूबवर विनोदवीर समय रैना आणि आपला नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी खेळता खेळता हसत-हसवत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. माळ्यावरचा पट शोधून काढायचीही गरज नव्हती, फोन हातातच होता. मध्यरात्रीसुद्धा पाच सेकंदांत प्रतिस्पर्धी हजर होऊ लागला. त्याचं तोंड दिसत नाही, नाव खरं नसतं, फक्त देशाचा एक बारीक झेंडा दिसतो. आणि तो कुणाला विचारून खेळतोय हे कळायला काही मार्ग नाही.

ज्या बुद्धिबळावर मी वाढलो त्यात विचारून खेळणं राजरोस चालायचं. वाड्याच्या ओट्यावर खेळणारे दोन आणि बघे सात. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं स्पर्धांची शिस्त घालून दिली. तिथे ज्या मोहऱ्याला हात लावला ते हलवावंच लागे. ओट्यावर हात लावणं म्हणजे नुसती चौकशी. ‘बाहेरच्यानं बोलायचं नाही’ हे दर डावात निदान एकदा कुणीतरी ओरडायचं आणि ते संपायच्या आत मागून ‘घोडा, अरे घोडा!’ आलेलं असायचं. खोकून सुचवणारे होते, भुवई उडवणारे होते, प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे उभं राहून नुसतं ‘च्‌ च्‌’ करणारे होते. भांडणं व्हायची. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधले मीर आणि मिर्झा खेळता खेळता एकमेकांवर तलवार उपसतात, ते चालीवरूनच्या बाचाबाचीतून, तेवढ्यावर आमच्याकडे कधी गेलं नाही. पण ओट्यावरच्या लबाडीत एक सोय होती. सुचवणारा समोर दिसायचा. त्याची अक्कलही सगळ्यांना ठाऊक असायची. कित्येकदा त्याचं ऐकूनच डाव जायचा.

तोच बघ्या आता खिशात येऊन बसला आहे आणि तो चुकत नाही. २००९ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या एका स्पर्धेत मोबाइलवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ’नं दहापैकी साडेनऊ गुण मिळवले, तेव्हाच हे नक्की झालं होतं. ‘स्टॉकफिश’ हे सध्याचं सर्वांत दणकट इंजिन तर फुकट मिळतं. भाजीवाल्याला पैसे पाठवायला आपण जो फोन काढतो, त्यावर ते जगज्जेत्यालाही भारी पडेल असं चालतं. गंमत म्हणजे यंत्र आणि बुद्धिबळ यांच्यातला पहिला संशय नेमका उलटा होता. अठराव्या शतकात युरोपात ‘तुर्क’ नावाचा बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक पुतळा गाजला. त्याच्या पेटीत खरोखरीच एक माणूस दडवलेला असे. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हाही त्याला शंका आली ती हीच, की ही खेळी यंत्राची नाही, आड कुणीतरी माणूस आहे. आता माणूस चांगला खेळला की आम्ही यंत्र शोधायला लागतो.

हौशी लबाड ओळखायचा कसा? एक डाव सांगतो. समोरचा साडेबाराशेचा, माझ्याहून किंचित कमी. सुरुवात नेहमीची, दोघांचे उंट बाहेर, घोडे बाहेर, किल्लेकोट झालेले. मी त्याचा घोडा मारला. त्यानं प्याद्यानं तो परत मारला. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं, शाळकरी पोरानंही डोळे झाकून मारला असता. त्याला आठ सेकंद लागली. मग पटाच्या मधोमध मारामारी सुरू झाली, चार मोहरी एकमेकांवर रोखलेली, मी मिनिटभर डोकं धरून बसलो, एक प्यादं पुढे टाकलं. त्याला पुन्हा आठ सेकंद. आणि त्या आठ सेकंदांत त्यानं काय करावं? पटावर रण पेटलेलं असताना राजा उचलला आणि एक घर बाजूला, कोपऱ्यात नेऊन ठेवला. मी मनात म्हटलं, याला काही सुचत नाहीये. सात-आठ खेळ्यांनंतर माझा उंट मोठ्या थाटात शह द्यायला निघाला, तेव्हा लक्षात आलं की त्या तिरक्या रेषेत शह द्यायला राजाच नाही. तो केव्हाचाच बाजूला झाला होता. पुढच्या खेळीला माझा वजीर गेला. आठ सेकंदांतच.

माणूस खेळतो तेव्हा त्याचं घड्याळ त्याच्या मनासारखं चालतं. उघड मार असेल तर तो झटकन मारतो, पेचात सापडला की अर्धं-अर्धं मिनिट गप्प बसतो, जिंकायला लागला की घाई करतो. दुसऱ्या खिडकीत खेळी टाकायची, उत्तर वाचायचं, परत यायचं, एवढं करणाऱ्याला मात्र सोपी चाल आणि अवघड चाल सारखीच. शिवाय कच्च्या खेळाडूची अडचण अशी की कोणती खेळी आपल्याला सुचणं शक्यच नव्हतं, हे त्याला कळत नाही. इंजिन म्हणालं राजा कोपऱ्यात, त्यानं नेला. का नेला, ते विचारलं तर सांगता येणार नाही. म्हणून हौशी लबाड लवकर पकडला जातो. खरा अवघड मामला वरच्या खेळाडूंचा. ग्रँडमास्टरला साऱ्या डावात एखादाच इशारा पुरतो. अमुक ठिकाणी नीट विचार कर, एवढंसुद्धा बास.

आणि इशारे पोचवायला लोकांनी काय काय केलं! २००६ मध्ये दिल्लीत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र शिवलेलं सापडलं, त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. २०१० च्या ऑलिम्पियाडमध्ये फ्रेंच चमूत एसएमएस आणि प्रशिक्षकाचं ठरलेल्या टेबलांमागे जाऊन उभं राहणं अशी साखळी होती. २०१९ मध्ये इगोर्स राउसिस हा साठीच्या उंबरठ्यावरचा ग्रँडमास्टर स्ट्रासबर्गला स्वच्छतागृहात फोनसकट सापडला. २०२२ मध्ये कार्लसन तरुण ग्रँडमास्टर नीमनकडून हरला आणि नीमनवर लबाडीचा संशय आला, ते प्रकरण तर बुद्धिबळाशी संबंध नसलेल्यांनीही चवीनं वाचलं. पटावरच्या त्या डावात नीमननं लबाडी केल्याचं सिद्ध झालं नाही. लहानपणी ऑनलाइन केली होती, हे त्यानंच कबूल केलं. पुढे दहा कोटी डॉलरचा दावा, मग तडजोड. या सगळ्यांच्या मागे निदान पैसा होता, किताब होते, आयुष्य पणाला लागलेलं होतं.

आमच्या तेराशेच्या वस्तीत काय ठेवलं आहे? बक्षीस नाही, बघायला कुणी नाही, जिंकलं तर आठ गुण वाढतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. तरी लोक इंजिन लावतात. मला याचं फार दिवस कोडं होतं, अजूनही पुरतं सुटलेलं नाही. आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, सहावीतला. त्याचं रेटिंग किती झालं हे त्याचे बाबा दर रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, खाली टाळ्यांची रांग लागते. एखाद्या आठवड्यात आकडा खाली आला तर त्या रविवारी काही टाकत नाहीत. त्या पोरानं उद्या लबाडी केली तर मी त्याला एक शब्द बोलणार नाही, त्याच्या बाबांना मात्र बोलीन. मोठ्यांचं वेगळं. २०२१ च्या जूनमध्ये कोविड-मदतीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळला. त्यात झिरोधाचे निखिल कामत जिंकले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की जाणकारांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. पैशाला कमी नाही, काम पुण्याचं, समोर पाच वेळा जगज्जेता झालेला माणूस. हरण्यात कसलीच नामुष्की नव्हती. उलट हरल्याची गोष्ट जन्मभर सांगता आली असती. तरीही. हाताशी उत्तर असताना न बघता बसणं बऱ्याच माणसांना जमत नाही, यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

अशा डावात माझं नुकसान किती होतं? खरं सांगायचं तर थोडं. दहा मिनिटं आणि आठ गुण. संकेतस्थळानं त्या माणसाला पकडलं तर ते गुण परतही मिळतात. सकाळी फोन उघडावा तर निरोप असतो की तुमच्या अलीकडच्या एका प्रतिस्पर्ध्यानं नियम मोडल्यामुळे तुमचं रेटिंग सुधारून दिलं आहे. राजाला कोपऱ्यात नेणाऱ्याकडून मी हरलो, तसा प्रामाणिक पंधराशेवाल्याकडूनही हरलोच असतो. लबाडी करणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या वाट्याला काय आलं? डाव माझा आणि यंत्राचा झाला. तो मधला निरोप्या.

खरं नुकसान वेगळ्या जागी झालं आहे. ओट्यावर समोरच्यानं वजीर सोडून देऊन तीन खेळ्यांत मात केली की सातही बघे ‘वाऽ’ म्हणायचे. हरणाराही म्हणायचा, थोड्या वेळानं का होईना, म्हणायचा. आता कुणी तशी खेळी केली की मी आधी त्याच्या नावावर बोट ठेवून पाहतो, खातं कधी उघडलं, डाव किती, गेल्या आठवड्यात रेटिंग किती चढलं. मग त्या डावाचं अचूकतेचं प्रमाण. चौऱ्याण्णव टक्के! धरला चोर. पण मी नवव्या खेळीला हत्ती फुकट दिलेला असतो; त्यानंतर त्यानं काहीही खेळलं तरी ते अचूकच ठरणार. सुरुवातीच्या दहा-बारा खेळ्या इंजिनशी तंतोतंत जुळतात म्हणावं, तर त्या खेळ्या यूट्यूबवर कुणीतरी समजावून सांगितलेल्या असतात आणि पोरांना त्या पाढ्यांसारख्या पाठ असतात. बफेलोचे प्राध्यापक केनेथ रीगन यांनी लबाडी ओळखण्याचं संख्याशास्त्र उभं केलं, ते एकेक खेळी किती अवघड होती आणि त्या रेटिंगचा माणूस तिथे किती चुकतो हे ताडून पाहतात, आणि एवढं करूनही निष्कर्ष जपून काढतात. आम्ही एका डावावर, तोही हरल्याच्या तिरमिरीत, निकाल देऊन मोकळे.

ऑफिसातला माझा एक सहकारी तर संशयितांची वही ठेवतो. खरोखरीची वही, आडव्या रेघांची, त्यात टोपणनावं, तारखा, शेरे. ‘खूप शांत खेळतो.’ ‘हत्ती ज्या पद्धतीनं वळवला त्यावरून.’ एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती वही घेऊन बसलो आणि एकेक नाव संकेतस्थळावर काढून पाहिलं. एखाददुसरं खातं बंद झालेलं होतं. बाकीचे सगळे अजून खेळत होते, त्याच रेटिंगवर, आणि आमच्यासारखेच हत्ती फुकट देत होते. त्याच्याकडून गुण हिसकावून नेणारे हे महाभाग इतर सगळ्यांकडून सपाटून मार खात होते. सहकारी म्हणाला, ‘इंजिन फक्त माझ्यासाठी लावतात साले.’ वही त्यानं फेकलेली नाही.

आणि एक गोष्ट त्या वहीत कुठेच नाही, कुणाच्याच नसेल. समोरच्यानं वजीर फुकट दिला म्हणून आपण जिंकलो, तर ‘हा माणूस मुद्दाम हरत नाही ना’ अशी शंका कुणी नोंदवत नाही. जिंकलेला प्रत्येक डाव चोख असतो.

मला स्वतःला एकदा चोर ठरवण्यात आलं, ते सांगायलाच हवं. सकाळच्या डेक्कन क्वीननं मुंबईला निघालो होतो. लोणावळा यायच्या बेतात डाव लावला, आणि घाटातल्या बोगद्यांचा हिशेब डोक्यातून गेला. खंडाळ्याच्या खाली एकामागून एक बोगदे. रेंज जाते, येते, पुन्हा जाते. पडद्यावर माझं घड्याळ पळतंय आणि मला चाल करता येत नाही. करायला काही नाही म्हणून मी पट डोक्यात ठेवून विचार करत बसलो, आयुष्यात प्रथमच एवढा वेळ एका खेळीवर. बोगदा संपला, रेंज आली, मी घोड्याचा बळी दिला. पुढच्या बोगद्यात पुढची खेळी ठरली. समोरच्याला काय दिसलं असेल? हा गडी मधेच गायब होतो, मिनिटभरानं उगवतो आणि उगवला की जबरदस्त खेळी करतो. कर्जतच्या अलीकडे त्याला मात झाली आणि चॅटमध्ये एकच शब्द आला, ‘इंजिन?’ मला राग यायला हवा होता. मी तो पडदा शेजारच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थांना दाखवला. दादरपर्यंत मूड उत्तम होता. तेराशेच्या माणसाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

अशा संशयाची मजा वाटते ती मी कुणी नाही म्हणून. ज्याचं नाव आहे, ज्याचं पोट या खेळावर आहे, त्याच्या अंगावर तोच एक शब्द वर्षानुवर्षं फेकत राहिलं तर काय होतं, हे डॅनियल नारोदित्स्कीच्या बाबतीत दिसलं. हा अमेरिकन ग्रँडमास्टर आमच्यासारख्या हौशी लोकांना व्हिडिओंतून फार मायेनं शिकवायचा. माजी जगज्जेता क्रामनिक त्याच्यावर जाहीरपणे संशय घेत राहिला. सिद्ध काहीच झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. आपण चांगलं खेळायला लागलो की लोकांना वाईटच दिसतं, असं त्यानं शेवटच्या थेट प्रक्षेपणात बोलून दाखवलं होतं. मृत्यूचा आणि आरोपांचा धागा जोडायचा मला अधिकार नाही. पुढे फिडे या जागतिक संघटनेनं क्रामनिकच्याच वक्तव्यांबद्दल आपल्या नैतिकता आयोगाकडे तक्रार केली. ते करायला फार उशीर झाला होता, असं माझं मत आहे.

माझ्या गाडीला लागले तसे बोगदे मोठ्यांनाही लागतात. ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत भारत-रशिया खेळत असताना जगभर इंटरनेटचा घोळ झाला. निहाल सरीन आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव जोडणी तुटल्यामुळे वेळ संपून हातचे गेले. तेव्हा अपील समितीनं शहानिशा केली आणि फिडेच्या अध्यक्षांनी सुवर्णपदक दोन्ही देशांना विभागून दिलं. हीच दिव्या पुढे २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून आली. घरबसल्या खेळताना पडद्यापलीकडे काय घडलं ते दिसत नाही, हे त्या लढतीत निदान सगळ्यांनी धरून चाललं.

आमच्यासाठी पंच बसलेले नाहीत. एक बटण आहे, तक्रारीचं. तेव्हा वाचकहो, तुम्हीही रात्री फोनवर डाव लावत असाल तर एवढं करा. शंका आली की ते बटण दाबा, पुढचं गणित ज्याचं आहे तो करील. चॅटमध्ये काही लिहू नका. पलीकडे सहावीतला पोरगा असेल, नाही तर घाटात अडकलेला कुणी. वही तर ठेवूच नका. आणि साडेदहानंतर तेराशेच्या आगेमागे एखादा असा भेटला, की जो बराच वेळ गप्प बसतो आणि मग अचानक बरी चाल करतो, तर तो मी असण्याची शक्यता आहे. इंजिन नाही. असतं तर एवढी वर्षं तेराशेवर कशाला राहिलो असतो?